सॉल्ट सेल साफ करताना ॲसिड सगळ्यात शेवटी

सॉल्ट सेल म्हणजे पूलच्या मिठाच्या पाण्यातून विजेनं क्लोरीन बनवणारा भाग. पूलच्या पाण्यात मीठ बरोबर आहे, तरी त्याचा कंट्रोलर ‘लो सॉल्ट’ दाखवतोय? मिठाची पोती ओतायच्या आधी सेल उघडून बघा. पंप आणि वीज बंद, व्हॉल्व्ह बंद, मग सेल काढून उजेडाकडे धरा. प्लेटांच्या मधे पांढरट, खरखरीत थर दिसला तर तो क्षार. गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या पूलमध्ये तो फार लवकर धरतो.

आधी नुसती पाइपच्या पाण्याची जोरदार धार मारा. अडकलेले पापुद्रे लाकडी पट्टीने हलकेच ढकला. स्क्रूड्रायव्हर बिलकूल नको. टायटॅनियमच्या प्लेटांवर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. सेल महाग असतो तो त्याच्यामुळे, आणि तो खरवडला की सेल भंगारात.

एवढ्यानं भागलं नाही, तरच ॲसिड. प्लास्टिकच्या बादलीत ४ भाग पाणी, त्यात १ भाग म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड सावकाश सोडा. उलट कधीच नाही. गॉगल, हातमोजे, मोकळी जागा. आणि जवळपास ब्लीचिंग पावडर नको, दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. सेलच्या प्लेटा या मिश्रणात बुडवा, वायरचं टोक कोरडं ठेवा. फसफस थांबली की सेल बाहेर काढून धुवा, ५-१० मिनिटं पुष्कळ झाली. रात्रभर भिजत घालणारेही असतात. लेप झिजवायचा असेल तर उत्तम उपाय!

दर ३ महिन्यांनी एकदा डोकवा. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राहिला, तर बहुतेक वेळा धारेवरच काम भागतं.