समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी बजेटमधलं रीळ घेताय? या चुका टाळा

खोक्यावर "मॅक्स ड्रॅग ३० किलो, बेअरिंग १२+१" असं छापलेलं दिसलं की नवशिक्याचे डोळे चमकतात. एवढ्या कमी पैशांत एवढं सगळं मिळतंय म्हटल्यावर पुढे काही बघायची गरजच उरत नाही. मग पहिल्याच दणकट माशाने रिळाचा खुळखुळा केला की महाशय सांगत सुटतात, स्वस्त रिळं खाऱ्या पाण्यात चालतच नाहीत. चालतात! मी स्वतः मधल्या किमतीचीच रिळं वापरतो. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा ठरावीक ताणानंतर दोरी सुटू देणारा रिळातला ब्रेक) आणि बॉडी या दोन ठिकाणी काटकसर करू नका. वजन, रंग, बेअरिंगची संख्या यांत हवी तेवढी करा.

ड्रॅगचा आकडा बघून रीळ घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

साधा हिशेब करा. ५० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) म्हणजे सुमारे २३ किलो ताण सोसणारी दोरी. मासा लागतो तेव्हा ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा असतो, म्हणजे साडेपाच ते साडेसात किलो. हलत्या बोटीवर उभं राहून रॉडने दहा किलोचा ताण धरून दाखवा, मग तीसच्या गप्पा मारू. तो आकडा ड्रॅगचा नॉब पूर्ण आवळल्यावरचा असतो. मासा धावताना ड्रॅग किती सलग सुटतो, हे तो सांगत नाही.

ते ठरतं आतल्या वॉशरवर. स्वस्त रिळांत बऱ्याचदा फेल्टचे वॉशर असतात. हलक्या मासेमारीत ते चांगले चालतात, पण जड ताणाखाली लांब धाव झाली की तापतात, दबतात आणि अडकत सुटू लागतात. कार्बनचे वॉशर उष्णता कितीतरी चांगली सोसतात.

एकदा बोटीवर बरोबरच्या एकाकडे असंच तीस किलोवालं कोरं रीळ होतं. ट्यूना लागला. पहिली धाव सरळ गेली. दुसऱ्या धावेत आवाज तुटायला लागला, कर्रर्र, गप्प, कर्रर्र, आणि दर वेळी रॉडचं टोक हिसका खाऊन खाली. "सोड जरा" असं ओरडलो तर गड्याने घाबरून नॉब आणखी आवळला. तोवर निम्म्याहून जास्त दोरी बाहेर गेलेली. स्पूलवरच्या (दोरी जिच्यावर गुंडाळतात त्या फिरकीवरच्या) गुंडाळीचा व्यास कमी होत जातो तसा त्याच सेटिंगवर ताण वाढत जातो, व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट. त्यात बाहेरच्या दोरीला पाण्याची ओढ असते ती वेगळी. म्हणजे जिथे सैल करायचं तिथे त्याने आवळलं. लीडरची (गळाकडच्या जाड दोरीच्या तुकड्याची) गाठ गेली, मासाही गेला. संध्याकाळी स्पूल उघडला तर फेल्ट काळा पडून चकाकत होता आणि एक वॉशर कडेने फाटलेला.

माझी सवय सांगतो. रीळ रॉडला लावून दोरीच्या टोकाला सामान तोलायचा काटा अडकवतो, ड्रॅग पाच-सहा किलोवर आणतो आणि दुसऱ्याला काटा हातात देऊन हळूहळू मागे चालायला लावतो. काटा सुरुवातीला आठवर उडी मारून मग सहावर येत असेल, तर ते रीळ परत. बोटाने दोरी ओढून "हां, बरोबर आहे" म्हणणाऱ्यांना मी नमस्कार करतो.

प्लास्टिकची बॉडी

ग्रॅफाइट म्हणा नाहीतर कंपोझिट, जड ताणाखाली ती किंचित वाकते. तेवढ्याने गिअरचे दात एकमेकांत नीट बसत नाहीत आणि हँडल ऐन वेळी जड होतं. निदान गिअर बसतो ती बॉडी आणि साइड प्लेट धातूची हवी. डायवा कंपनीचं बीजी रीळ अॅल्युमिनियमच्या बॉडीचं आणि कार्बन ड्रॅगचं आहे. पेन कंपनीच्या स्पिनफिशर ६ लाही धातूची बॉडी आणि कार्बन ड्रॅग मिळतो, वर आयपीएक्स५ दर्जाचं, पाणी आत शिरू न देणारं सीलिंग. हँडल थेट गिअरमध्ये आट्यांनी बसणारं घ्या. घडीचं हँडल आज ना उद्या डुगडुगणारच.

बाकीच्या, थोडक्यात

बेअरिंग मोजू नका. मीठ लागलं की प्रत्येक जादा बेअरिंग म्हणजे एक जादा गंज. दोरी जिच्यावरून फिरते ती लाइन रोलर मात्र तपासा, सगळ्यात आधी तीच अडकते.

एका कंपनीचं ८००० आणि दुसरीचं ८५०० या आकाराच्या नंबरांची तुलना करू नका. ५० पौंडी ब्रेड किती मीटर बसते ते वाचा. तीनशे मीटर असेल तर बोलू.

पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायचं नकली आमिष) झपाट्याने ओढायचा तर गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचे किती वेढे बसतात तो आकडा, सहाच्या आसपास. खोल पाण्यातून वजन वर आणायचं तर पाचच्या खालचा बरा.

गुळगुळीत स्पूलवर थेट ब्रेड गुंडाळली तर अख्खी गुंडाळीच घसरते आणि लोक ड्रॅगला शिव्या देतात. खाली थोडी मोनो (नायलॉनची एकपदरी दोरी) घ्या. आणि ब्रेड ताण देऊनच भरा. दोन मिनिटांत सैल भरून निघालेल्यांच्या गाठी मी आता सोडवत नाही.

मासा रिळाने खेचू नका. रॉड वर घ्या, खाली आणताना गुंडाळा. महागडं रीळसुद्धा विंच, म्हणजे ओझं ओढायचं यंत्र, नसतं.

सील आहे म्हणून बादलीत बुडवणं

आयपीएक्स५ आणि आयपीएक्स६ या पाण्याच्या फवाऱ्यासाठीच्या चाचण्या आहेत, बुडवण्याचा त्यात संबंध नाही. नळाचा जोराचा झोतही नको, त्याने मीठ आत ढकललं जातं. मी ड्रॅग पूर्ण आवळतो, गोड्या पाण्याची हलकी धार सोडतो, पुसतो, सावलीत सुकवतो आणि लाइन रोलरवर तेलाचा एक थेंब टाकतो. ग्रीसची ट्यूब दिसली की सगळीकडे माखायची हौस काहींना असते. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या रोलर क्लचमध्ये ते दाट ग्रीस गेलं तर हँडल उलटं फिरून बोटांवर आदळतं. सुकल्यावर नॉब सैल करून रीळ ठेवा, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत वॉशर दबून राहत नाहीत.