सुट्टीला लॅपटॉप न्यायचा का? निघण्याआधी हे असं ठरवा

ऐरोली, महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात जाणाऱ्यांची पाठीवरची बॅग सहसा रिकामी होतच नाही. ठाणे-वाशी गाडीत ती पोटाशी धरून उभं राहायचं, घरी आलं की खुर्चीवर टाकायची आणि सकाळी तशीच उचलायची. सुट्टीला निघतानाही ती तशीच उचलली जाते आणि आत लॅपटॉप असतो, म्हणून तोही सोबत येतो. न्यायचा की नाही, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. तो आठवडाभर आधी विचारावा, कारण आदल्या रात्री बॅग भरताना उत्तर हमखास "असू दे" असंच येतं.

माझं मत आधीच सांगते. ज्या कामाला नाव आणि तारीख आहे, असं काम सुट्टीच्या दिवसांत येत असेल तरच लॅपटॉप न्यावा. नाहीतर घरी ठेवावा. घरच्यांनी वर्षभर वाट पाहिलेले चार दिवस "कदाचित लागेल"साठी खर्ची घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

१. कामाचं नाव कागदावर लिहा

सुट्टीत लॅपटॉपवर करावं लागेल असं वाटणारं प्रत्येक काम कागदावर लिहा. त्यासमोर तारीख लिहा आणि ते फोनवर का होणार नाही, तेही लिहा. "काही लागलं तर" हे काम नव्हे. "साहेबांचा फोन आला तर" हेही नव्हे.

खरं काम कसं असतं, त्याचं उदाहरण घ्या. एखाद्या कर सल्लागाराची सुट्टी महिन्याच्या २० तारखेवरून जातेय. दरमहा रिटर्न भरणाऱ्या अशिलांचं जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, त्या तारखेपर्यंत जायलाच हवं. त्यात कंपनी असलेल्या अशिलासाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावावा लागतो आणि ते काम फोनवर जमत नाही. हे काम यादीत बसतं. पण इथेही लगेच लॅपटॉप बॅगेत टाकू नका. त्यासाठी लागणारा खरेदीवरच्या कराचा तक्ता, जीएसटीआर-२बी, १४ तारखेला तयार होतो, म्हणजे १५-१६ला बसून रिटर्नं भरून टाकता येतात. सुट्टी १७ला सुरू होत असेल तर यादीतलं ते काम घरीच संपलं. यादीतल्या प्रत्येक कामाला हाच प्रश्न विचारा: हे आधी उरकता येईल का?

प्रॉडक्शन सपोर्टची ऑन-कॉल पाळी (चालू यंत्रणा बिघडली तर लगेच दुरुस्तीला बसायची जबाबदारी), प्रबंध जमा करायची शेवटची तारीख, लग्नाच्या फोटोंची ठरलेली डिलिव्हरी, ही कामंही खरी. मेल वाचणं, कुणाची रजा मंजूर करणं, तिकिटं, बँक, पीडीएफवर सही, शीटमधले दोन आकडे बदलणं, हे सगळं फोनवर होतं. त्यासाठी लॅपटॉप वाहून नेऊ नका.

२. एक शनिवार-रविवार फोनवर काढा

निघण्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी लॅपटॉप कपाटात ठेवून द्या आणि सुट्टीत करावं लागेल असं वाटणारं सगळं फोनवर करून बघा. जिथे अडेल ते लिहून ठेवा. बहुतेक अडचणी छोट्या निघतात. पासवर्ड फक्त लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येच सेव्ह असतो, एखादी फाइल डेस्कटॉपवरच पडलेली असते, ऑफिसच्या मेलचं अ‍ॅप फोनवर घातलेलंच नसतं. घरच्या वायफायवर बसून हे अर्ध्या तासात मार्गी लागतं.

ज्यांना जरा जास्त लिहावं लागतं, त्यांनी घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड न्यावा. कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनी टाइप-सीचा कार्ड रीडर आणि छोटी एसएसडी न्यावी. हे सगळं मिळूनही लॅपटॉप आणि त्याच्या चार्जरपेक्षा हलकंच राहतं. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते. त्यात दीड-पावणेदोन किलोचा लॅपटॉप आणि चार्जर टाकला की मुलांच्या स्वेटरला जागा उरत नाही.

३. ऑफिसात काम सोपवून या

लॅपटॉप सोबत नेण्यामागचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं की काम कुणाकडे सोपवलेलंच नसतं. "मी रजेवर आहे, गरज पडल्यास संपर्क साधा" असा संदेश लावला की लोक संपर्क साधतात. त्याऐवजी नेमकं लिहा: "१४ ते १९ मी रजेवर आहे, लॅपटॉप सोबत नाही. बिलांच्या मंजुरीसाठी अमुक, सर्व्हरच्या तक्रारींसाठी तमुक यांच्याशी बोला. अगदी तातडीचं असेल तर फोन करा, मेल करू नका." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मेल सहज टाकली जाते, पण फोन उचलून बोलण्याआधी माणूस एकदा विचार करतो.

निघण्याच्या दोन दिवस आधी ज्याच्याकडे काम दिलं त्याला शेजारी बसवून ते एकदा करायला लावा. तुम्ही फक्त बघा. त्याचं कुठे अडतं, ते तेव्हाच कळतं.

४. कुठे जाताय, ते बघा

अलिबाग, कर्जत, काशीद अशी एक-दोन रात्रींची सहल असेल तर विचारही करू नका. लॅपटॉप घरी. समुद्रावर बारीक वाळू की-बोर्डच्या फटीत जाते, खारी हवा यूएसबीच्या पोर्टांना मानवत नाही, आणि सगळे पाण्यात असताना "बॅग कोण बघतंय?" म्हणून एक जण काठावर अडकून पडतो.

गणपतीला गावी जाणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. ठाण्या-पनवेलहून कोकणात जाणारे कितीतरी जण आता दोन दिवस रजा आणि पुढचे दिवस गावाहून काम असं जमवतात. त्यांना लॅपटॉप लागतोच आणि तो न्यावाही, कारण त्याच्यामुळे पाच दिवसांचे गणपती पाचही दिवस बघायला मिळतात. पण त्याआधी गावच्या घरी फोन लावा आणि ज्या वेळी तुमच्या मीटिंगा असतात, त्याच वेळी चुलतभावाला किंवा काकांना व्हिडिओ कॉल करायला सांगा. पडवीत, माजघरात, खळ्यात, तिन्ही ठिकाणांहून. कुठल्या कंपनीची रेंज कुठे मिळते, ते दहा मिनिटांत कळेल. पडवीत दोन काड्या आणि माजघरात शून्य, हे कोकणातल्या जाड भिंतींच्या घरात अगदी नेहमीचं. जी रेंज मिळते त्या कंपनीचं सिम घरात कुणाकडे आहे, तेही विचारा आणि त्यांचा हॉटस्पॉट वापरायचा असेल तर त्यांच्या रिचार्जचे पैसे आठवणीने द्या.

डेटाचा हिशोबही मांडा. तासभराच्या व्हिडिओ मीटिंगला सुमारे १ जीबी सहज जातो, जास्त माणसं असली तर त्याहूनही अधिक. रोज दीड-दोन जीबीचं पॅक असेल तर दुपारपर्यंत ते संपतं. कॅमेरा बंद ठेवा, आणि विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला "मीटर्ड कनेक्शन" म्हणून खूण करा, म्हणजे मोठे अपडेट परस्पर उतरायला लागत नाहीत. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. म्हणून नुसत्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

परदेशी जाणार असाल तर आधी ऑफिसच्या आयटी विभागाला विचारा. देशाबाहेरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडायला किंवा कंपनीचा लॅपटॉप बाहेर न्यायलाच अनेक ठिकाणी परवानगी लागते. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे विजेच्या दाबाची काळजी नको. फक्त पिनांसाठी त्या देशाचा अ‍ॅडॅप्टर लागेल.

५. न्यायचाच असेल तर आधी एवढं करा

सगळ्या कामाचा बॅकअप घरी ठेवा, बॅगेत नव्हे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, आहे का बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. चोरी झालीच तर वस्तू जाईल, आतला मजकूर चोराच्या हाती लागणार नाही. ऑफिसचा पासवर्ड सुट्टीत संपणार असेल तर आधीच बदला. नाहीतर गावात बसून ओटीपी आणि हेल्पडेस्क यांच्यात सकाळ जाते. खालचा सिरियल नंबर आणि बिलाचा फोटो फोनमध्ये असू द्या, तक्रार नोंदवताना तोच मागतात.

आणि झाकणावर एक छोटासा स्टिकर लावा. मुलांचा चालेल, रंगीत असला म्हणजे झालं. विमानतळावर तपासणीला लॅपटॉप बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, आणि पलीकडे पट्ट्यावर एकापाठोपाठ एक काळे, सारखेच दिसणारे ऑफिसचे लॅपटॉप येत राहतात. घाईत दुसऱ्याचा उचलला जाणं अवघड नाही.

६. प्रवासात

विमानात लॅपटॉप आणि पॉवर बँक दोन्ही हातातल्या सामानात. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरची होते, म्हणजे ती बसते. ३०,०००ची बसत नाही, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. मुंबईहून निघा किंवा आता सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून, नियम एकच.

गाडीने जात असाल तर लॅपटॉप डिकीत ठेवू नका. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायला बनवलेले असतात. मे महिन्यात महामार्गावरच्या हॉटेलसमोर उन्हात उभी केलेली बंद गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते. जेवायला उतरताना तो सोबत घ्या.

कोकण रेल्वेने जाताना लॅपटॉप उघडून काम होईल, अशी आशा धरू नका. मार्गावर नव्वदच्या आसपास बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा. मीटिंग मधेच तुटणार. रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचे, अशी रेल्वेची सूचना आहे, म्हणून चढण्याआधी चार्ज करून घ्या. झोपताना बॅगेचा पट्टा हातात अडकवून ती उशाशी घ्या. चोरी झाली तर १३९ वर फोन करा आणि पुढच्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांत तक्रार द्या. एसटीत बॅग वरच्या रॅकवर नको, मांडीवर असू द्या.

७. तिथे पोहोचल्यावर

कामाची वेळ घरच्यांना निघण्याआधीच सांगा आणि ती पाळा. सकाळी ७ ते साडेआठ, मुलं उठून चहा-पोहे होईपर्यंत, ही वेळ मला सगळ्यात चांगली वाटते. साडेआठला झाकण बंद करायचं आणि लॅपटॉप बॅगेत, बॅग कपाटात. टेबलावर उघडा राहिला की जाता-येता नजर जाते, एक मेल बघितली की दुसरी येते, आणि "आई, चल ना" हे तीनदा म्हटलं जातं. मूल चौथ्यांदा म्हणत नाही. ते मला फार लागतं.

हॉटेलच्या वायफायपेक्षा बँकेच्या किंवा ऑफिसच्या कामाला स्वतःचा हॉटस्पॉट बरा. होमस्टेच्या खोलीला नुसती कडी आणि छोटं कुलूप असेल तर लॅपटॉप यजमानांच्या कपाटात ठेवायला द्या. मालवण-वेंगुर्ल्याकडची मंडळी आनंदाने ठेवून घेतात.

८. घरी ठेवणार असाल तर

पूर्ण बंद करा, नुसतं झाकण लावू नका. बॅटरी साधारण निम्मी असू द्या आणि चार्जर काढून ठेवा. पावसाळा असेल तर पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. घर बंद राहणार असेल आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर ऑफिसातल्या लॉकरमध्ये ठेवणं जास्त चांगलं.

परत आल्यावर तो सोमवारी सकाळी पहिल्यांदा चालू करू नका. रविवारी संध्याकाळी, धुणं मशीनला लावलं की चार्जर जोडा, साचलेले अपडेट होऊ द्या, व्हीपीएन एकदा जोडून बघा आणि मेल न उघडता बंद करा.