गावच्या घराचं अंगण देखणं करायचं असेल तं सुरुवात मुरमापासून करा

गावात नवीन घर झालं की लोकं पहिले काय करते, तं फाटकापासून दारापर्यंत सगळं काँक्रीट ओतून टाकते, अन् मग मे महिन्यात त्याच अंगणात दुपारी पाय ठेवता येत नाही, भिंतीही तापते अन् घरात कुलर लावूनही जीव कासावीस होते. आपल्या विदर्भात पारा 45 च्या वर जाते, खाली काळी माती, अन् उन्हाळ्यात पाण्याची मारामार. म्हणून दर्शनी भाग सजवायचा तं आधी माती, पाणी, सावली याचा विचार करा, फुलांचा नंतर.

पहिलं काम मुरमाचं. काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगा पडते, तिच्यावर डायरेक्ट फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवले की ते वर-खाली होणारच. जेवढ्या जागेतून चालायचं तेवढीच पक्की करा, 4 फूट रुंदी बस झाली, मोटरसायकल आत घ्यायची असेल तं 5. तेवढ्या पट्ट्यातली माती फूटभर काढा, मुरूम थराथरानं टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं चोपा, अन् मग वर फरशी. ढाळ घराकडून फाटकाकडे ठेवा, 10 फुटाला 2 इंच तरी, नाहीतं जुलैची झड लागली की पाणी ओसरीत येते. काढलेली काळी माती फेकू नका, झाडांच्या खड्ड्यात कामी येते. कडेला लावायला विकतचे दगड कशाला, वावराच्या धुऱ्यावर पडलेले गोटे आणा, अर्धे जमिनीत गाडा अन् गेरू-चुन्यानं रंगवा, लय उठून दिसते. फक्त त्यांचा ढीग लावून ठेवू नका, विंचू-सापाला तीच जागा पाहिजे असते.

अन् मधली जागा मोकळी ठेवा, हे आग्रहानं सांगतो. पोळ्याला बैलं दारात येते, त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन येते, घरात लग्न निघालं तं मांडव तिथंच पडते. शहरातल्या फोटोत पाहून बरोबर मधोमध गोल लॉन अन् कारंजं करून ठेवलं तं हे सगळं कुठं करणार? लॉनला पाणीही किती लागते. मधात तुळशीवृंदावन, सडा-रांगोळीला जागा, अन् झाडं दोन्ही बाजूनं, असं बरं दिसते.

झाडं निवडताना आपल्या उन्हात टिकणारी घ्या. बोगनवेल, पांढरा चाफा, तगर, मोगरा, सदाफुली, पारिजातक, यातलीच तीन-चार निवडा, प्रत्येकाचं एकेक लावण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सहा ओळीनं लावली की अंगण नीटनेटकं दिसते. बोगनवेलीला ऊन जेवढं जास्त अन् पाणी जेवढं बेतानं तेवढी फुलं जास्त, पण काटे असते म्हणून पायवाटेपासून 3 फूट तरी दूर. चाफ्याची फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकू द्या, मग लावा, अन् पाणी साचते तिथं लावू नका, बुड सडते. कन्हेर रोडच्या कडेला छान फुलते अन् बकऱ्या तिला तोंड लावत नाही, पण ती विषारी आहे, लहान पोरं किंवा गुरं असलेल्या घरी मी तं लावू नका म्हणीन. जास्वंद लावायची असेल तं एक ध्यानात ठेवा, ती कपाशीच्याच कुळातली, अन् वावरात कपाशी असली की पांढरा ढेकण्या (पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड) तिच्यावरही येते, म्हणून शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं की तेवढा शेंडा छाटून जाळा अन् लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल अन् थोडा साबणाचा चुरा घालून फवारा.

घर पश्चिमेला तोंड करून असेल तं सावलीशिवाय सगळं वाया. कडुनिंब किंवा करंज लावा, पण भिंतीपासून 15 फुटावर अन् वरून विजेची तार जात नाही ना ते पाहून. गुलमोहर दिसायला भारी, पण वादळात फांद्या मोडते, दाराजवळ नकोच. तेवढी जागा नसेल तं बांबूचा मांडव करून मधुमालती चढवा. कुलरच्या मागं मात्र दाट झाड लावू नका, त्याला मोकळी हवा लागते.

खड्डे मे मध्येच खणा, मोठ्या झाडाला 2 बाय 2 बाय 2 फुटाचे, उन्हात तापू द्या, मग काळी माती, मुरूम, चांगलं कुजलेलं शेणखत अन् निंबोळी पेंड टाकून भरा, कच्चं शेण टाकलं तं उधई लागते. रोपं मृगाचा पाऊस चांगला पडल्यावर लावा, पहिल्याच सरीला घाई करू नका. बकऱ्या सुटलेल्याच असते, म्हणून रोप लावलं त्याच दिवशी पऱ्हाट्या-तुराट्यांचं कुंपण.

उन्हाळ्यात पाणी वाचवायला प्रत्येक मोठ्या झाडाजवळ एक भाजलेल्या मातीचं साधं, रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा, पाणी हळूहळू मुळाला झिरपते. बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरा, खोडाला मात्र टेकू देऊ नका. न्हाणीचं पाणी नालीत सोडण्यापेक्षा कर्दळीच्या वाफ्यात वळवा, काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबते, कर्दळ मात्र ते पाणी पिऊन जोमात वाढते अन् फुलंही देते.

भिंतीला लागून फूटभर पट्टा साफच ठेवा, पावसाळ्यात गवत माजू देऊ नका, अन् दारावर एक लाइट असू द्या, रात्री साप-विंचू दिसला पाहिजे.

बाकी रिकाम्या जागेत जुलैच्या शेवटी झेंडू टाका, दसरा-दिवाळीचं तोरण घरच्याच फुलांचं होते. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटते अन् फुलं जास्त लागते.