‘थंपर’ कसा खेळावा: आधी कान, मग डोळे

‘थंपर’ या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही एक चकचकीत, पोलादी भुंगेरा असता. समोर एकच रूळ, भोवती रंगांचे भोवरे आणि वळवळणारे हात, आणि वेग असा की पापणी लवायची उसंत नाही. मार्क फ्लरी आणि ब्रायन गिब्सन या दोघांनी हा गेम बनवला आणि २०१६ मध्ये आणला. गिब्सन हा ‘लायटनिंग बोल्ट’ या बँडमध्ये बास वाजवतो. गेममधला तो घुमणारा, छातीवर आदळणारा आवाज ऐकला की नवल वाटत नाही. पातळ्या नऊच आहेत, पण बरेच जण तिसऱ्या-चौथ्या पातळीवरच हात टेकतात. माझ्या मते याचं कारण एकच: ते डोळ्यांनी खेळतात. हा गेम कानाने खेळायचा आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट गांभीर्याने घ्या. पडदा सतत लखलखतो. घरात कुणाला फिट येत असतील किंवा लखलखत्या प्रकाशाचा त्रास होत असेल, तर हा गेम त्यांच्यासाठी नाही. बाकीच्यांनीही खोलीतला दिवा चालू ठेवून खेळावं.

आधी आवाज नीट करा

ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. त्यांच्यातून आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. पडद्यावरचं एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंद टिकतं, म्हणजे आवाज कानावर पडेपर्यंत भुंगेरा पुढे निघून गेलेला असतो. वायरचे हेडफोन लावा. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर बटण दाबणं आणि पडद्यावर ते दिसणं यात फट पडते.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे असले तर उत्तम. गणपतीच्या आधीच्या दिवसांत पुण्यात संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तो आवाज पेठांमधल्या घरांत शिरतोच, आणि त्या ठेक्यावर पाय हलायला लागला की गेममधली मात्रा हमखास सुटते. त्या दिवसांत मी सरळ सकाळी खेळतो.

मग पाच क्रिया हाताला बसवा

एक स्टिक आणि एक बटण, एवढ्यावर सगळा गेम चालतो. रुळावर उजळ ठोका आला की बटण टिचकीसारखं दाबायचं. अडथळा आडवा आला तर बटण दाबून धरायचं, भुंगेरा तो फोडून जातो. वळणावर बटण धरून स्टिक वळणाच्या दिशेला झुकवायची. काटे आले तर बटणासोबत स्टिक वर, की भुंगेरा उडतो. हवेतून खाली आपटायचं असेल तर स्टिक खाली आणि बटण.

पहिली चूक कवच घेऊन जाते, दुसरी जीव. पण साधा उजळ ठोका चुकला तर इजा होत नाही, फक्त गुण जातात. म्हणून नवी पातळी पहिल्यांदा खेळताना ठोके सोडून द्या. अडथळे आणि वळणं तेवढी सांभाळा. प्रत्येक पातळी लहान लहान तुकड्यांत विभागलेली आहे आणि मेलात तरी त्याच तुकड्यापासून पुन्हा सुरुवात होते, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

आता पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं

खरी किल्ली इथे आहे. पुढे येणारे अडथळे गेम आधी वाजवून दाखवतो. लांबवर रुळावर ते उमटतात तेव्हाच त्यांचे आवाज येतात, आणि मग तोच बोल तुम्हाला हाताने परत वाजवायचा असतो. म्हणजे गुरुजींनी म्हणायचं, शिष्याने उत्तर द्यायचं.

माझा भाचा सदाशिव पेठेत तबला शिकतो. मला अडकलेलं पाहून तो म्हणाला, “मामा, तू बघतोस कशाला? म्हण ना!” क्लासमध्ये तबल्याला हात लावायच्या आधी हातावर टाळी धरून बोल म्हणून घेतात, तसंच इथे करा. ठोक्याला ‘ना’, धरून ठेवायच्या अडथळ्याला ‘धाऽ’, वळणाला ‘धीं’. अवघड तुकडा आला की दोन-तीनदा मुद्दाम मरा, पण कान देऊन मरा. मग गेम थांबवा, तो तुकडा मांडीवर टाळी देत मोठ्याने म्हणा, आणि तोंडात बसला की परत सुरू करा. डोळे तेव्हा फक्त खात्री करायला उरतात.

पातळीगणिक मात्रा बदलतात आणि पाश्चात्त्य गाण्यांच्या चार मात्रांवर वाढलेले खेळाडू इथेच कोलमडतात. आपल्याला मात्र पाच आणि सात मात्रा परक्या नाहीत. पाचव्या पातळीला अर्धा झपताल म्हणा: धी ना, धी धी ना. सातवीला रूपक: ती ती ना, धी ना, धी ना. गेममधले ठोके या खंडांवर तंतोतंत बसतीलच असं नाही, पण आवर्तन कुठे संपतं आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते हे अंगात राहतं. नववीला चार आणि पाच अशी फोड करून मोजा.

राक्षसाशी गाठ पडली की

पातळीत मध्ये आणि शेवटी राक्षस येतो. त्याचा चेहरा बघत बसू नका. तो तुमचं लक्ष उडवायलाच तिथे आहे. एकच आवर्तन फिरून फिरून येतं. त्यातलं सगळं बरोबर वाजलं की शेवटी एक झगमगणारा ठोका मिळतो आणि त्याच्यावर बटण दाबलं की राक्षसाला मार बसतो. एखादी मात्रा हुकली तर आवर्तन पुन्हा येतं, एवढंच. त्यामुळे पहिली फेरी बिनधास्त ऐकण्यात घालवा, कवच तेवढं जपा. वार दुसऱ्या फेरीत करा. इथे साधे ठोकेही सोडून चालत नाही, हे लक्षात असू द्या.

बोटं आखडली, जबडा आवळला गेला की थांबा. दमलेल्या हाताने लय पुढे पळते आणि मग चुकीचीच सवय लागते. अर्ध्या तासाची बैठक पुरे.

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट असेल तर पीसी आणि प्लेस्टेशनवर त्यातूनही हा गेम खेळता येतो. भोवरे तेव्हा अक्षरशः अंगावर येतात, म्हणून पहिल्या तीन पातळ्या साध्या पडद्यावर पाठ झाल्याशिवाय तो चढवू नका. आणि ‘एस’ या सगळ्यात वरच्या ग्रेडच्या मागे लागायचं ते नऊही पातळ्या पार झाल्यावर. तेव्हा पहिल्या पातळीकडे परत जा आणि सोडून दिलेले ठोके एकेक करून घ्यायला लागा.