यकृत प्रत्यारोपणाची वाट पाहताना पायांतली ताकद कशी टिकवायची

प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं की घरचे पेशंटला पलंगावरून उठूच देत नाहीत. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचं खराब होऊन कडक झालेलं असताना, हेच अंगाशी येतं. यकृत थकलं की रक्तातला बराचसा अमोनिया स्नायू निपटतात. स्नायू झडले की अमोनिया साचून मेंदूवर परिणाम होतो, भ्रम होण्याचा धोका वाढतो आणि ऑपरेशननंतर सावरायलाही वेळ लागतो. वजनकाट्यावर विसंबू नका. पोटात पाणी भरत असतं तेव्हा मांड्या वाळत असतात आणि काटा जागचा हलत नाही.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा: एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दिसल्या होत्या का, त्यावर उपचार चालू आहेत का, हिमोग्लोबिन, सोडियम आणि हृदय व्यायामाला झेपेल असं आहे का?

मग पहिली नोंद करा. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठा, बसा आणि सेकंद मोजा. त्यानंतर तोल पाहा: पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकामागे एक, प्रत्येक वेळी 10 सेकंद. शेजारी कुणीतरी उभं हवंच. दर महिन्याला हेच करा आणि तुलना फक्त स्वतःच्या जुन्या आकड्यांशी ठेवा.

चालणं 5 ते 10 मिनिटांपासून, दिवसातून दोनदा. दमल्याशिवाय जमलं की दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. फुगलेल्या शिरांवरच्या प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या गोळ्या चालू असतील तर नाडीवरून जोर ठरवू नका. या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवस आड: खुर्चीतून 8 ते 10 उठबशा, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, हलक्या रबर बँडने ओढणं. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती. उठताना श्वास सोडा. चूक होते ती इथेच, बहुतेक जण श्वास रोखतात. त्याने पोटातला दाब वाढतो, फुगलेल्या शिरांवर आणि बेंबीच्या हर्नियावर ताण येतो. सिट-अप्स आणि जड वजनं नकोतच.

खाण्याशिवाय हे सगळं उलटं पडतं. प्रथिनं दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम, तीही पाणी वजा करून धरलेल्या वजनावर; 60 किलोला 72 ते 90 ग्रॅम. भ्रमाच्या भीतीने प्रथिनं तोडायचा सल्ला जुना झाला. झोपण्यापूर्वी साधारण 50 ग्रॅम कर्बोदकं असलेलं काहीतरी घ्या. आजारी यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर स्नायू मोडून साखर बनवतं. जागेपणी तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहू नका. रिकाम्या पोटी व्यायाम तर नाहीच.

काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, पोटदुखी, नवा धाप लागण्याचा त्रास, किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग अशी उलटापालट दिसली तर व्यायाम बंद करा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. रक्त दिसलं तर थेट इमर्जन्सीत. पोटातलं पाणी काढल्यावर पुन्हा कधी सुरू करायचं ते टीमला विचारा. खंड पडला असेल तर आधीच्या निम्म्यापासून धरा.