जिऑलॉजी करायचीय? आधी बेसॉल्टच्या बाहेर पडा

सातारा-सांगलीच्या पोरापोरींनो, कॉलेज आणि फी तुम्ही शोधालच. जीएसआयमध्ये, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीची परीक्षा आणि त्यासाठी एम.एस्सी. हवी, हेही ठाऊक असेल. मला बोलायचंय ते फील्डबद्दल.

आपल्याकडं बघाल तिथं बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, एकावर एक, जवळजवळ आडवे. 1967 च्या भूकंपामुळं जगाचं लक्ष कोयनेकडं गेलं. पुढं त्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथं तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे तळाचा जुना खडक, लागायला सव्वा किलोमीटर बेसॉल्ट भेदावा लागला. म्हणजे आपला अर्धा सिलॅबस जमिनीखाली गाडलेला आहे. घड्या, कललेले थर, रूपांतरित खडक, सगळं आपण आकृतीवरून शिकतो. मार्क छान पडतात. मग एम.एस्सी.च्या फील्डला कललेल्या थरासमोर ब्रंटन (थरांची दिशा आणि कल मोजायचा कंपास) हातात धरून उभं राहायचं आणि काही सुचत नाही. मी यात फार दिवस अडकले होते. बाकीच्या राज्यांतली मुलं भराभर रीडिंग घेत होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

स्ट्राइक, म्हणजे कललेल्या थरावरच्या आडव्या रेघेची दिशा, नुसती पाठ करू नका. बादलीतल्या पाण्यात पुठ्ठा तिरका बुडवा. पाण्याची कड पुठ्ठ्यावर जी आडवी रेघ धरते, ती स्ट्राइक. तिला काटकोनात, उताराच्या अंगानं पाणी ओघळेल ती डिपची, म्हणजे थराच्या कलाची, दिशा. पुठ्ठा फिरवत राहा, दर वेळी कंपासनं मोजा. हात बसला की गोकाक-बागलकोटकडं जा, कलाडगीचे, म्हणजे बेसॉल्टहून जुन्या गाळाच्या खडकांचे, थर बघा. रूपांतरित खडकांसाठी सिंधुदुर्गात रेडीला जा. मित्रांनी वर्गणी काढली तरी भागतं.

क्लासच्या पीडीएफवर माझा काडीचा विश्वास नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सविस्तर उत्तरं लिहावी लागतात, तिथं रट्टा उघडा पडतो. जे सर फोटो काढू न देता खडकाचं चित्र काढायला लावतात, त्यांना सोडू नका.

आणि घाबरू नका, बेसॉल्टही कमी शिकवत नाही. भूजलाच्या कामात तोच उपयोगी पडतो. गावात बोअरची गाडी आली की वही घेऊन जा. आधी मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसॉल्ट), मग काळा पाषाण, मध्येच गेरूसारखी तांबडी भुकटी. ती आली की समजा, दोन लाव्हाथरांमधला सांधा लागला. दर रॉडला खोली लिहा, चिमूटभर भुकटी पुडीत बांधा, पाणी कुठं लागलं ते बोअरवाल्यांना विचारा.