सोलापूरच्या उन्हाळ्यात श्वसनाची हवा: कंप्रेसरचा फिल्टर आणि नायट्रॉक्सचे मिश्रण

उजनीच्या जलाशयात किंवा चंद्रभागेच्या पात्रात उतरणाऱ्या बचाव पथकाचे सिलिंडर सोलापुरात भरायचे असतील, तर उच्चदाबाचा कंप्रेसर चालवणाऱ्याने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेत फिल्टरच्या कार्ट्रिजचे जे आयुष्य दिलेले असते, ते बहुधा २० अंश सेल्सिअस तापमान धरून काढलेले असते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या गावात ते तास जसेच्या तसे मोजणे धोक्याचे आहे, आणि ही चूक इथे फार सहज होते, कारण आपला उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत फिल्टरवर ताण कमी येईल असे कोणालाही वाटते.

प्रत्यक्षात उलटे घडते. एका घनमीटर जागेत २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम, ४० अंशांना ५१ ग्रॅम आणि ५० अंशांना ८३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. हवा २०० बारपर्यंत दाबली तरी त्या जागेत मावणाऱ्या वाफेचे प्रमाण फारसे बदलत नाही, त्यामुळे २०० घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली की जास्तीची वाफ पाणी होऊन सेपरेटरमध्ये, म्हणजे पाणी वेगळे काढणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तेवढी मावणारी वाफच पुढे फिल्टरकडे जाते. ती किती असेल हे बाहेरच्या दमटपणावर ठरत नाही. फिल्टरमध्ये शिरणाऱ्या हवेच्या तापमानावर ठरते, आणि हे तापमान दाबलेली हवा थंड करणारा कंप्रेसरचा कूलर चांगला असला तरी खोलीपेक्षा साधारण १० अंशांनी जास्त असते. जुलैत खोली २५ अंशांवर असेल तर फिल्टरपाशी ३५ अंश धरावेत; ढोबळ हिशेबाने बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेमागे ०.२ ग्रॅम पाणी कार्ट्रिजमध्ये जाते. मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल तर फिल्टरपाशी ५० अंश होतात आणि पाणी ०.४ ग्रॅमवर जाते. बाहेर धूळ उडत असते आणि कार्ट्रिज मात्र पावसाळ्याच्या दुप्पट वेगाने भिजत असते.

कार्ट्रिजमध्ये ५०० ग्रॅम मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) असेल आणि ती वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके पाणी धरते असे मानले, तर जुलैत तिच्यातून सुमारे ५०० घनमीटर हवा सुकून निघेल आणि मे महिन्यात जेमतेम २४०. बारा लिटरच्या, २०० बारच्या सिलिंडरला २.४ घनमीटर हवा लागते. म्हणजे एकीकडे दोनशेच्या वर सिलिंडर आणि दुसरीकडे शंभर. त्यातही काठापर्यंत जाऊ नये. आमच्या वहीत तासांच्या शेजारी खोलीचे तापमान लिहिण्याचा रकाना आहे, आणि मार्च ते जूनअखेर आम्ही पुस्तिकेतल्या तासांचा तिसरा हिस्साच धरतो. भरण्याचे काम पहाटे पाच ते आठ या वेळात उरकणे हा त्याहूनही स्वस्त उपाय आहे, आणि मला तो कोणत्याही महागड्या फिल्टरपेक्षा मोलाचा वाटतो.

पाण्याची एवढी काळजी करण्याचे कारण फक्त गंज हे नाही. फिल्टरच्या नळकांड्यात हवेला आधी मॉलिक्युलर सीव्ह लागते आणि तिच्यानंतर सक्रिय कोळसा व हॉपकॅलाइट लागतात. कोळसा तेलाची वाफ आणि वास शोषतो. हॉपकॅलाइट हे मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचे मिश्रण असून ते कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करते. पण ते ओलाव्याने निकामी होते. सीव्ह भिजून संपली की पाणी थेट हॉपकॅलाइटपर्यंत पोहोचते आणि ज्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, त्याच्याविरुद्धचे शेवटचे संरक्षण कोणताही आवाज न करता जाते. म्हणून फिल्टर बदलताना क्रम चुकवू नये, आणि वापरलेली सीव्ह घरी भट्टीत तापवून पुन्हा भरण्याचा मोह टाळावा.

फिल्टरनंतर दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. अनेक यंत्रांत तो १५० बारच्या आसपास उघडतो. तो बिघडला किंवा कोणी ढिला केला, तर रिकामा सिलिंडर भरताना सुरुवातीची हवा कमी दाबाने आणि जास्त वेगाने कार्ट्रिजमधून पळते, आणि कमी दाबाच्या हवेत पाणी कितीतरी अधिक असते. दर दहा-पंधरा मिनिटांनी सेपरेटरचा ड्रेन उघडून पाणी काढावे, उन्हाळ्यात दहाच धरावीत. नळकांडे उघडण्यापूर्वी यंत्र बंद करून, गेज शून्यावर आल्याची खात्री करून, मगच झाकणाला हात लावावा.

सोलापूरचे आणखी एक दुखणे म्हणजे कापूस. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा यंत्रमागांच्या कोणत्याही पेठेत चादर-टॉवेलच्या कारखान्यांजवळ हवेत बारीक तंतू तरंगत असतात. ते हवा ओढणाऱ्या तोंडावरच्या फिल्टरवर बसतात हे सर्वांना दिसते, पण कूलरच्या पत्र्यांमध्ये त्यांची गादी जमते तिकडे लक्ष जात नाही. गादी जमली की हवा थंड होत नाही, फिल्टरपाशी तापमान चढते आणि वर सांगितलेला सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय कंप्रेसरच्या शेवटच्या टप्प्याचा सिलिंडर जास्त तापून तेल अर्धवट जळू लागले तर कार्बन मोनॉक्साइड यंत्राच्या पोटातच तयार होतो. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या हवेने कूलर साफ करावा. तेल मात्र श्वसनाच्या कंप्रेसरसाठी उत्पादकाने सांगितलेलेच वापरावे, गाडीच्या इंजिनाचे कधीही नाही.

हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड छताच्या वर, मोकळ्या जागी असावे. वीज गेल्यावर शेजारच्या दुकानाचा डिझेल जनरेटर सुरू होतो, आणि दुपारी वाऱ्याची दिशा बदलली की त्याचा धूर आपल्या छतावर येतो. तेव्हा भरणे थांबवावे. खोलीतली हवा ओढणे हेही चुकीचे आहे, कारण उघड्यावरच्या हवेत आज सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) कार्बन डायऑक्साइड असतो आणि युरोपच्या ईएन १२०२१ मानकाची मर्यादा ५०० आहे. बंद खोलीत चार माणसे बसली की ती ओलांडली जाते. त्याच मानकात कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएम, तेल दर घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम आणि २०० किंवा ३०० बारच्या भरणीसाठी पाणी २५ मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा आहेत. पाणबुड्या ३० मीटर खोल गेला की समुद्रसपाटीच्या हिशेबाने त्याच्यावर ४ बार दाब असतो आणि सिलिंडरमधले १० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड त्याच्या रक्तावर ४० पीपीएमसारखे काम करते. डिटेक्टर ट्यूबने (वायू लागला की रंग बदलणाऱ्या काचेच्या नळीने) नियमित तपासणी करावी, आणि शक्य असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा मीटर भरण्याच्या ओळीतच कायम बसवावा.

आता नायट्रॉक्स, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण. दहा मीटरच्या आतल्या नदीपात्रात त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे साधी हवा पुरते. धरणाच्या खोल पाण्यात एकाच दिवसात अनेक बुड्या माराव्या लागत असतील, तर मात्र ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने शरीरात नायट्रोजन कमी साठतो. मिश्रणाचे काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करावे. सिलिंडर भरण्याला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांचा परवाना ज्या पेसो या केंद्रीय संस्थेकडून मिळतो तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

आंशिक दाबाच्या पद्धतीत रिकाम्या सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन आणि वरून हवा भरतात. अंतिम दाबाला हव्या त्या प्रमाणातून ०.२१ वजा करून गुणावे आणि ०.७९ ने भागावे: २०० बारच्या ३२ टक्क्यांसाठी २७.८ बार, ३६ टक्क्यांसाठी ३८ बार ऑक्सिजन लागतो. सिलिंडरमध्ये ५० बार ३२ टक्क्यांचे मिश्रण उरले असेल, तर १५० बारचाच हिशेब करून २०.९ बार ऑक्सिजन घालावा, म्हणजे गेज ७०.९ दाखवेल. ऑक्सिजन मिनिटाला ५ बारपेक्षा वेगाने भरू नये. वेगाने दाबलेला वायू क्षणात तापतो आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंब किंवा रबराचा कण पेट घ्यायला तेवढे पुरते. म्हणूनच झटक्याने उघडणारा बॉल व्हॉल्व्ह या ओळीत वर्ज्य आहे. शिवाय सिलिंडर तापला तर गेज जास्त आकडा दाखवते आणि गार झाल्यावर ऑक्सिजन कमी भरल्याचे कळते.

अंतिम मिश्रण ३२ टक्क्यांचेच असले तरी सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कात असतात, म्हणून दोन्ही ऑक्सिजनसाठी खास साफ केलेले, योग्य ओ-रिंग आणि योग्य ग्रीस लावलेले असावेत. सिलिकॉन ग्रीस चालत नाही. वरून भरायच्या हवेत तेल दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. साध्या श्वसनाच्या हवेची मर्यादा याच्या पाचपट सैल आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक जादा फिल्टर जोडावा लागतो, आणि मे महिन्यात अर्धवट भिजलेल्या कार्ट्रिजची हवा ऑक्सिजनवर कधीही सोडू नये.

सिलिंडर गार झाल्यावर ऑक्सिजन मोजणारा विश्लेषक मोकळ्या हवेत २०.९ टक्क्यांवर लावून घ्यावा आणि वायू अगदी मंद सोडून मोजणी करावी. जो पाण्यात उतरणार आहे त्याने स्वतः पुन्हा मोजावे. आकडा, तारीख, सही आणि कमाल खोली सिलिंडरवर लिहावी, ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या (मिश्रणाच्या एकूण दाबातल्या ऑक्सिजनच्या वाट्याच्या) १.४ बार मर्यादेने ३२ टक्क्यांना ती ३३ मीटर आणि ३६ टक्क्यांना २८ मीटर येते. उजनी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे बुडीचा वेळ समुद्राच्या तक्त्यांवरून काढू नये, उंचीचे तक्ते वापरावेत. आकडा एका टक्क्याहून जास्त चुकला, तर तो सिलिंडर त्या दिवशी कोणालाही देऊ नये. हिशेब दुसऱ्या माणसाकडून तपासून मिश्रण दुरुस्त करावे, किंवा वायू सावकाश सोडून देऊन पुन्हा पहिल्यापासून भरावे.